एअरलाइनचं क्रेडिट कार्ड घ्यायचंय? आधी मोपा की दाबोळी ते ठरवा

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की आमच्या गोव्यातल्या घरात एकच विषय, मुंबईचं तिकीट कितीवर गेलं. नणंद डोंबिवलीला, मुलगी हैदराबादला शिकते, धाकटे दीर बोटीवर नोकरीला, त्यामुळे विमान म्हणजे काही आमच्याकडे चैन राहिलेली नाही, वर्षातून पाच-सहा वेळा कुणी ना कुणी चढतोच किंवा उतरतोच. म्हणून तीनेक वर्षांपूर्वी एका मॉलमध्ये टाय लावून उभ्या असलेल्या मुलानं "मॅडम, नेहमीचीच खरेदी करा आणि फुकट विमानानं फिरा" म्हटल्यावर मी थांबले, आणि थांबले ती अडकलेच. 'लाइफटाइम फ्री' म्हणून गळ्यात मारलेलं कार्ड पहिल्या वर्षापुरतंच फ्री निघालं. दुसऱ्या वर्षी फी आणि वर अठरा टक्के जीएसटी धरून सहा हजारांच्या जवळपास स्टेटमेंटला लागून आले, आणि तोवर मी वर्षभर जीव टाकून जमवलेले पॉइंट रुपयांत मोजले तर दोन हजारसुद्धा भरेनात. बँकेचं नाव सांगत नाही, कारण अर्धी चूक माझीच, सही केली तेव्हा कागद वाचला नव्हता.

त्यानंतर मात्र वही घेऊन बसले. आता ओळखीपाळखीतलं कुणी कार्ड घ्यायचं म्हटलं की आधी मला फोन करतं, तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिलं काम म्हणजे कार्ड बघायचंच नाही. मेल उघडा, सर्चमध्ये पीएनआर टाका आणि गेल्या वर्षभरातली सगळी तिकिटं शोधून एका कागदावर लिहा, कुठून कुठे गेलो, कुठल्या एअरलाइननं, कितीला पडलं आणि पैसे कुणी भरले. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे हं. आमच्या ह्यांची फॅक्टरीच्या कामाची तिकिटं कंपनी काढते, दिरांची बोटीची कंपनी काढते, म्हणजे ती तिकिटं आमच्या कार्डावर कधी येणारच नाहीत, मग "आमच्याकडे वर्षाला दहा वेळा विमान होतं" असं म्हणून महागडं ट्रॅव्हल कार्ड घेण्यात काय अर्थ. कागदावर लिहिल्यावर कळलं की स्वतःच्या खिशातून आम्ही वर्षाला फक्त चार-पाच तिकिटं काढतो आणि त्यातली निम्मी चवथीच्या आगेमागे.

पण कंपनीनं काढलेल्या तिकिटाचेसुद्धा एअरलाइनचे पॉइंट मिळतात, आणि ते प्रवाशाला मिळतात, पैसे भरणाऱ्याला नाही, हे कितीतरी लोकांना माहीतच नसतं. एअरलाइनची मेंबरशिप फुकट असते, त्यासाठी कार्ड लागत नाही. एअर इंडियाचा महाराजा क्लब, इंडिगोचं ब्लूचिप, साइटवर जाऊन दहा मिनिटांत नंबर मिळतो, तो तिकिटाला जोडायचा. तिकीट काढताना राहिला तर चेक-इन करताना जोडा, तेव्हाही राहिला तर बोर्डिंग पास जपून ठेवा आणि नंतर क्लेम करा, त्याला मुदत असते तेवढी बघा. आमचे दीर बारा वर्षं बोटीवर, किती खंड फिरले असतील, आणि एकदाही नंबर टाकला नव्हता. मी सांगितल्यावर म्हणतात कसे, वहिनी, हे आधी का नाही सांगितलंत.

इथे एक खास आपला गोव्याचा घोळ सांगून ठेवते. आपल्याकडे आडनावांची स्पेलिंगं पोर्तुगीजांच्या वेळची, 'कर' कुणाच्या जन्मदाखल्यावर के नं आहे तर कुणाच्या सी नं, नाईकांचंही तेच, एकाच घरात बापाचं एक आणि मुलाचं दुसरं. पासपोर्टवर एक, आधारवर वेगळं आणि बँकेत तिसरंच असलं तर मेंबरशिपचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळत नाही आणि पॉइंट अडकून बसतात. मेंबरशिप घेताना आणि कार्डाचा फॉर्म भरताना पासपोर्टवर जसं आहे तसंच अक्षरन्अक्षर टाका.

आता विमानतळाचं. मुंबई-पुण्याच्या लोकांना हा प्रश्नच नसतो, आपल्याला आहे. दाबोळी होताच, तो नौदलाचा, आणि ५ जानेवारी २०२३ पासून पेडण्यात मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. तिकिटाच्या सर्चमध्ये दोन्ही गोवा म्हणूनच येतात, जीओआय म्हणजे दाबोळी आणि जीओएक्स म्हणजे मोपा, आणि घाईत चुकीचं दाबणारे मी दोघंतिघं तरी बघितलेत. मडगावहून दाबोळी पंचवीसेक किलोमीटर, मोपा साठाच्याही पुढे. काणकोणवाल्यांना तर सगळा गोवाच ओलांडायचा. उलट म्हापसा, डिचोली, पेडण्याच्या माणसाला मोपा घरचं अंगण, आणि दोडामार्ग-सावंतवाडीचे लोकही तिकडूनच जातात.

याचा कार्डाशी संबंध काय तर असा, की जी एअरलाइन तुमच्या जवळच्या विमानतळावरून तुम्हाला हव्या त्या गावाला हव्या त्या वेळेला उडत नाही तिचं कार्ड तुमच्या काही कामाचं नाही, मग पॉइंट सोन्याचे का असेनात. पॉइंटवर तिकीट काढून दोन हजार वाचवले आणि पहाटेच्या विमानासाठी मडगावहून मोपाला टॅक्सीत तेवढेच घातले, तर काय मिळवलं? मोपाहून कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, इलेक्ट्रिक बसेस आहेत, पणजी, मडगावला येतात, दिवसाच्या विमानाला त्या सोयीच्या, पण रात्री-अपरात्री बॅगा नि म्हातारी माणसं घेऊन कोण थांबतं. आणि एअरलाइन विमानतळ बदलतातही, कतार एअरवेज २०२४ साली दाबोळी सोडून मोपाला गेली, तेव्हा आखातात माणसं असलेल्या मडगावकडच्या सासष्टीतल्या किती घरांचा हिशोब बदलला असेल विचार करा. इंडिगो दोन्हीकडून उडते म्हणून आम्हा फोंड्याच्या मधल्या लोकांना ती त्यातल्या त्यात सोयीची पडते. तुमचं गाव वेगळं तर तुमचं उत्तर वेगळं. तर त्या कागदावर प्रत्येक तिकिटासमोर विमानतळही लिहा.

एवढं झालं की मग कार्डांकडे वळायचं. कार्डं ढोबळमानानं दोन जातींची. एक को-ब्रँड, म्हणजे बँक आणि एअरलाइन मिळून काढलेलं, एअर इंडियाचं एसबीआयबरोबर होतं, इंडिगोचं एचडीएफसी आणि कोटकबरोबर, अशी. यातले पॉइंट थेट त्या एअरलाइनच्या खात्यात जातात आणि तिथेच वापरायचे. दुसरी जात म्हणजे बँकेचं स्वतःचं ट्रॅव्हल कार्ड, पॉइंट बँकेकडे जमतात आणि पाहिजे तेव्हा यादीतल्या कुठल्याही एअरलाइनकडे किंवा हॉटेलकडे वळवता येतात. तिसरं खरं म्हणजे ट्रॅव्हलचं नाहीच, साधं कॅशबॅकचं कार्ड, आणि ते मी मुद्दाम सांगते कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना तेच फायद्याचं आहे, फक्त त्याच्यावर विमानाचं चित्र नसतं म्हणून त्याची कुणी दखल घेत नाही.

को-ब्रँड कुणी घ्यावं? जो वर्षात सहा-आठ वेळा एकाच एअरलाइननं स्वतःच्या पैशानं उडतो त्यानं. बाकीच्यांना बँकेचं कार्ड बरं. आणि याला कारण आहे, एअरलाइनचा काही भरवसा नसतो. किंगफिशर २०१२ साली बंद पडली, जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्टची विमानं मे २०२३ मध्ये उभी राहिली ती राहिलीच. विस्तारा बुडाली नाही पण १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, लोकांचे पॉइंट महाराजा क्लबमध्ये आले हे खरं, पण ज्यांनी खास विस्ताराच्या तिकिटांसाठी म्हणून कार्डं घेतली होती त्यांची ती कार्डंच बंद होत गेली. माझी एक मैत्रीण विस्ताराच्या कार्डावर एवढी खूश होती की येता-जाता मला ऐकवायची, आता तो विषय काढला की चहा करायला उठते.

बँकेचं कार्ड म्हणजे सुरक्षित असंही समजू नका. ॲक्सिसच्या मॅग्नस कार्डाचं उदाहरण प्रसिद्धच आहे. त्याचे पाच पॉइंट एअरलाइनकडे वळवले की चार माइल्स, म्हणजे एअरलाइनचे पॉइंट, मिळायचे, सप्टेंबर २०२३ पासून पाचाला दोन झाले. म्हणजे ज्यानं वर्षभर पॉइंट साठवून ठेवले त्याची शिल्लक एका रात्रीत निम्मी. म्हणून पॉइंट ही काही एफडी नव्हे, त्याला व्याज नाही आणि उद्या त्याची किंमत कमी होणार एवढीच खात्री. तिकिटापुरते जमले की वापरून मोकळं व्हायचं, काजूच्या बियांसारखे पुढच्या वर्षासाठी भरून ठेवायचे नाहीत.

आता मुख्य गोष्ट, ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. एक पॉइंट म्हणजे किती पैसे? जाहिरातीत "१०,००० वेलकम पॉइंट" वाचून डोळे दिपतात, पण एका कार्डाचा पॉइंट पंचवीस पैशांचा असतो आणि दुसऱ्याचा एक रुपयाचा, तेव्हा नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही. काढायचं कसं ते सांगते. एअरलाइनच्या साइटवर जा, तुम्ही खरोखर जाणार आहात ती तारीख टाका, रोखीचं तिकीट कितीला आहे ते बघा आणि तेच तिकीट पॉइंटवर कितीला आहे ते बघा. पॉइंटवर काढलं तरी टॅक्स आणि विमानतळाची फी बहुतेक वेळा रोखच भरावी लागते, ती रोखीच्या भाड्यातून वजा करा, आणि उरलेल्याला पॉइंटनं भागा.

हिशोबापुरते आकडे धरू. समजा जुलैमध्ये गोवा-मुंबई रोखीनं ४,६०० ला आहे, आणि पॉइंटवर ७,००० पॉइंट अधिक ९०० रुपये. वाचले ३,७००, भागिले ७,०००, म्हणजे एका पॉइंटला साधारण ५३ पैसे. आता तेच चवथीच्या आदल्या दिवशी मुंबईहून गोवा, रोखीनं ९,८०० आणि पॉइंटवर ९,००० अधिक ९००. वाचले ८,९००, पॉइंट पडला ९९ पैशांना. बघा, पॉइंट तोच, किंमत जवळजवळ दुप्पट. म्हणून गोव्याच्या माणसाला माझं सांगणं असं की पॉइंट पावसात उडवू नका, पावसात तिकिटं तशीही बरी मिळतात, ते चवथ, नाताळ ते नवीन वर्ष आणि मे महिन्यासाठी ठेवा. अडचण एवढीच की नेमकं त्याच वेळी पॉइंटची तिकिटं मिळत नाहीत किंवा पॉइंटसुद्धा भाड्याच्या मागे वर चढत जातात. त्यामुळे कार्ड घेण्याआधीच, आज, चवथीची तारीख टाकून बघा की त्या एअरलाइनचं पॉइंटचं तिकीट दिसतं तरी का. नसेल दिसत तर त्या कार्डाचा तुमच्यापुरता विषय संपला.

पॉइंट देऊन चादरी, मिक्सर किंवा गिफ्ट व्हाउचर घेऊ नका, तिथे पॉइंटची किंमत सगळ्यात कमी मिळते. मी सुरुवातीला एक इस्त्री घेतली होती, ती बाजारात म्हापशाला मिळाली असती त्याच्या दुप्पट मला पॉइंटमध्ये पडली, वर तिची वायर आखूड.

आता जमवण्याचं बघू. एजंट म्हणतो महिन्याला तीस हजार खर्च करा, एवढे पॉइंट मिळतील. पण आपला खर्च कशाकशावर होतो? पेट्रोलवर बहुतेक कार्डं पॉइंट देतच नाहीत, फार तर एक टक्का सरचार्ज माफ करतात. वॉलेटमध्ये पैसे टाकले तर पॉइंट नाहीत, घरभाडं भरलं तर नाहीत आणि वर बरेचदा एक टक्का फी. विम्याचा हप्ता, वीज-पाण्याचं बिल, शाळा-कॉलेजची फी, सरकारी भरणा, यावर काही कार्डं पॉइंट देतात, काही निम्मे देतात, काही ठरावीक रकमेपर्यंतच देतात. सोनाराकडे किंवा फर्निचरवाल्याकडे कार्ड पुढे केलं की तो दोन टक्के जास्त मागतो, तसं मागायचं नसतं, पण मागतो, आणि तुमचे पॉइंट त्या दोन टक्क्यांपेक्षा कमीच असतात. आणि मासळी? मासळीवालीकडे क्यूआर असतो पण तो तिच्या स्वतःच्या खात्याचा. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं ही चांगली सोय आहे, पण ते दुकानदाराच्या व्यापारी क्यूआरवरच चालतं, माणसाच्या खात्यावर चालत नाही. किराणा दुकान, फार्मसी, पदार्थांचं दुकान इथे मात्र छान चालतं, फक्त यूपीआयवरच्या खर्चाला कार्डागणिक पॉइंट कमी असतात तेवढं बघून घ्या. अमेरिकन एक्सप्रेसचं कार्ड पणजीतल्या मोठ्या हॉटेलात चालेल, आमच्या फोंड्याच्या बाजारात ते घेऊन फिरलात तर मशीनवाला तुमच्याकडे बघत राहील.

आमच्या घरचे आकडे असे झाले. कार्डावर जाणारे महिन्याचे तीस हजार, त्यातले पॉइंट मिळणारे जेमतेम अठरा. शंभराला दोन पॉइंट धरले तर महिन्याला ३६०, वर्षाला ४,३२०. पॉइंट ५० पैशांचा धरला तर २,१६० रुपये. आणि कार्डाची फी ४,९९९, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ५,८९९. हा हिशोब मी त्या मॉलमध्ये उभ्या-उभ्या केला असता तर पाच मिनिटांत घरी आले असते.

अर्थात फीच्या बदल्यात दुसरं काही मिळतं का तेही धरायचं, वेलकम पॉइंट, वर्षातून एक फुकट तिकिटाचं व्हाउचर, ठरावीक खर्च झाला की जादा पॉइंट, आणि ठरावीक खर्च केला तर पुढच्या वर्षीची फी माफ. हे सगळं खरं असतं, पण प्रत्येकामागे अट असते. वेलकम पॉइंट फी भरल्यावर आणि पहिल्या काही दिवसांत अमुक खर्च केल्यावर मिळतात. व्हाउचरमध्ये मूळ भाडं माफ असतं, टॅक्स नाही. फीमाफीच्या खर्चात भाडं, पेट्रोल, वॉलेट धरत नाहीत. मी एकच नियम केलाय, जो खर्च आम्ही नाहीतरी करणारच होतो तेवढाच मोजायचा. चवथीला फ्रिज घ्यायचाच होता, तो कार्ड आल्यावर महिनाभर थांबून घेतला, ठीक आहे. पण तीन लाखांचा टप्पा गाठायला बारा हजार कमी पडतायत म्हणून मार्चमध्ये उगाच टीव्ही घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

लाउंजबद्दल, म्हणजे विमानतळावरच्या बसण्या-खाण्याच्या खास खोलीबद्दल, लोक मला सगळ्यात जास्त विचारतात आणि माझ्या मते ते सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे. मुंबईचं विमान तासाभराचं, घरून जेवून निघालं की झालं. आणि हल्ली बहुतेक बँकांनी अट घातलीय की आधीच्या तिमाहीत ठरावीक रक्कम खर्च केली असेल तरच लाउंज. एकदा मी मुलीला मोठ्या ऐटीत घेऊन गेले आणि दारावर कार्ड नाकारलं, बाहेर येऊन दोनशे रुपयांचा सामोसा खाल्ला. आखातातून किंवा युरोपातून लांबचं ट्रान्झिट असेल, सात-आठ तास बसायचं असेल, तर मात्र लाउंजला किंमत आहे, तेव्हा ते कार्ड परदेशातल्या लाउंजला चालतं का आणि वर्षातून किती वेळा ते विचारा. देशातलं आणि परदेशातलं वेगळं असतं.

परदेशाचं आलंच तर फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार. हा शब्द लक्षात ठेवा, कारण कार्डावर विमानाचं चित्र असलं तरी परदेशात ते कार्ड स्वस्त असतंच असं नाही. साधारण कार्डांना हा साडेतीन टक्के असतो आणि वर त्याच्यावर जीएसटी. दुबईत लाखभर खर्च केला तर ३,५०० अधिक ६३०, म्हणजे ४,१३० रुपये नुसते कार्ड वापरल्याचे. एवढ्याचे पॉइंट कुठलंही मधल्या किमतीचं कार्ड परत देत नाही. ज्यांचं वर्षातून एकदा तरी बाहेर जाणं होतं त्यांनी कमी मार्कअपचं किंवा बिनमार्कअपचं कार्ड बघावं, पॉइंट कमी असले तरी चालतील. आणि तिथे मशीननं विचारलं की रुपयांत कापू की दिरहममध्ये, तर दिरहमच सांगा, रुपये म्हटलं की ते आपल्या मनाचा दर लावतात. एटीएममधून क्रेडिट कार्डानं पैसे तर कध्धीच काढू नका, त्याला फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, म्हणजे तिचे पॉइंट सिंगापूर एअरलाइन्स, लुफ्तान्सा अशा दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांवरही वापरता येतात. युरोपात मुलंबाळं असणाऱ्यांना हे कामाचं. पण गोव्याहून तिकडे जायचं तर बहुतेकदा मुंबई किंवा दिल्ली करूनच जावं लागतं, तेव्हा गोवा-मुंबईचा तुकडा त्याच तिकिटात बसतो का ते बघा. वेगळा काढला आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढचं गेलं, भरपाई कुणी देत नाही. इंडिगोचं असं कुठल्या अलायन्सशी नातं नाही, तिचे पॉइंट मुख्यतः देशातल्या आणि आखातातल्या फेऱ्यांसाठी धरा.

हे सगळं वाचण्याआधीच स्वतःला एक प्रश्न विचारायचा होता तो आता सांगते, महिन्याचं पूर्ण बिल तारखेला भरता का? भरत नसाल तर रिवॉर्ड कार्ड घेऊच नका, अजिबात नाही. चाळीस हजार पुढे ढकलले तर साडेतीन टक्क्यांनी महिन्याला १,४०० व्याज, त्यावर जीएसटी २५२. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावरची किमान रक्कम, भरलं म्हणजे व्याज नाही असं कितीतरी शिकलेली माणसं समजतात, तसं नसतं, त्यानं फक्त लेट फी वाचते. उरलेल्यावर व्याज चालूच, आणि नवीन खरेदीवरसुद्धा खरेदीच्या दिवसापासून. ऑटो डेबिट पूर्ण रकमेचं लावा, मिनिममचं नाही, फॉर्ममध्ये दोन्ही चौकोन असतात आणि एजंट कुठला टिक करतो ते डोळ्यांनी बघा.

कार्ड मिळेल का याबद्दल थोडं. सिबिल स्कोअर, म्हणजे उधारी नीट फेडता की नाही याचे गुण, ३०० ते ९०० असतो, ७५० च्या वर असला की सहसा अडचण येत नाही. एकाच महिन्यात चार बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी नोंदली जाते. आपल्याकडे पुष्कळांची खाती अर्बन किंवा गावच्या सहकारी बँकेत, तिथे असली कार्डं सहसा नसतात, मग ज्या मोठ्या बँकेत एखादी एफडी किंवा पगाराचं खातं असेल तिथून सुरुवात करा. दुकानदार, टॅक्सीवाले, बागायतदार, ज्यांच्याकडे सॅलरी स्लिप नाही, त्यांना एफडीवर कार्ड मिळतं, ते वर्षभर नीट वापरलं की पुढचं दार उघडतं. बोटीवरच्या लोकांना पगार परदेशातून एनआरआय खात्यात येतो, त्यांनी बँकेला आधीच विचारून घ्यावं की त्या खात्यावर कुठली कार्डं देतात, आणि घरी बायकोला ॲड-ऑन कार्ड, म्हणजे त्याच खात्यावरचं जोडकार्ड, द्यावं, म्हणजे इकडच्या खर्चाचे पॉइंटही एकाच ठिकाणी जमतात. फक्त ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो ते आधी ठरवा, नाहीतर तुम्ही पणजीत बिलिंग काउंटरवर आणि ओटीपी अटलांटिकमध्ये.

मॉलमधल्या, विमानतळावरच्या किंवा फोनवरच्या एजंटकडून कार्ड घेऊ नका म्हणत नाही, पोरांची नोकरी असते ती, पण तो जे बोलतो ते मेलवर लिहून मागा. पहिल्या वर्षानंतर फी किती, कितीच्या खर्चावर माफ, कशाकशावर पॉइंट नाहीत, पॉइंट किती महिन्यांनी संपतात, वळवायला वेगळी फी आहे का, लाउंजची अट काय. लिहून दिलं नाही तर उत्तर मिळालंच की. मग बँकेच्या साइटवर 'मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स' नावाची पीडीएफ असते ती वाचा, कंटाळवाणी आहे पण आकडे तिथेच असतात, जाहिरातीत नसतात.

शेवटी आमच्या घरात काय ठरलं? माझ्याकडे बिनफीचं साधं कॅशबॅक कार्ड आणि यूपीआयला जोडलेलं एक रुपे, जे पैसे परत येतात ते वेगळ्या खात्यात टाकते आणि चवथीचं तिकीट जूनमध्येच रोखीनं काढते. ह्यांनी कार्ड बदललंच नाही, फक्त कंपनीच्या तिकिटांना दोन्ही एअरलाइनचे नंबर जोडायला लागले आणि गेल्या नाताळात त्यावरच मुलीचं हैदराबादचं तिकीट निघालं, एक रुपया कार्डफी न भरता. दिरांना मात्र मी बँकेचं ट्रॅव्हल कार्ड घ्यायला लावलं, कमी मार्कअपचं, कारण ते प्रत्येक बंदरात खर्च करतात आणि त्यांचं बिल मोठं असतं, त्यांची फी दरवर्षी माफ होते. शेजारच्या काकांना वर्षातून एकदा मुंबईला डॉक्टरकडे जायचं असतं, त्यांना सांगितलं की कार्ड नको, मडगावहून वंदे भारत पकडा, पावसाळा सोडला तर पावणेआठ तासांत मुंबईचं सीएसएमटी स्टेशन.

आणि ते मॉलमधलं जुनं कार्ड? ते बंद केलं. बंद करताना आधी उरलेले पॉइंट वापरून टाकले, कारण बंद झाल्यावर ते जातात, मग थकबाकी शून्य केली, त्यावर लावलेली ओटीटीची आणि विम्याची ऑटो पेमेंटं काढली, आणि लेखी मेल टाकला. फोन केला तर "मॅडम, फी निम्मी करतो, थांबा" असं चालू होतं, आणि खरंच कार्ड कामाचं असेल तर त्यावेळी घासाघीस करून घ्यावी, मिळतेही. नाहीतर रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, थकबाकी नसेल तर अर्ज केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. मी मेलमध्ये तो नियम एका ओळीत लिहिला होता. सहाव्या दिवशी बंद झाल्याचा मेसेज आला. थोडं वाईटच वाटलं, कामकाजाचा आठवा दिवस उजाडला असता तर पाचशे मिळाले असते, त्या कार्डाची पहिली खरी कमाई.